खोचलेल्या शर्टाची गुणवत्ता

कोकणातल्या बुरोंडीहून किनाऱ्याने उत्तरेला निघून लाडघर, कर्दे मागे टाकलं की मुरूड येतं. तिथल्या धोंडो केशव कर्व्यांनी १८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्याची वाट पायी तुडवली. परीक्षेला बसायला १७ वर्षं पूर्ण हवीत, अशी अट होती. जन्म १८ एप्रिल १८५८चा, म्हणजे अट पुरी झालेली. पण परीक्षा समितीच्या प्रमुखांना हा किरकोळ अंगाचा मुलगा सतराचा दिसेना, आणि साहेबाला जे दिसत नाही ते नसतंच, या न्यायाने कर्वे हात हलवत परतले. पुढे त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलं, १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं आणि १९५८ साली, वयाच्या शंभरीत, भारतरत्न स्वीकारलं. तोवर तरी ते सतराचे दिसू लागले असावेत.

प्रमुखांचं कर्व्यांशी वैर नव्हतं, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. आकस असेल तर अर्ज करता येतो. नजरेविरुद्धचा अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा? एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवून दिलं, की लष्करी अधिकारी हाताखालच्यांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांना वेगवेगळे गुण देतात खरे, पण ते गुण संशय यावा इतके एकमेकांच्या मागोमाग चालतात. एका गोष्टीत माणूस आवडला की बाकीचे रकाने आपोआप भरतात. आपल्याकडे शासनाने मार्च २०२४मध्ये शिक्षकांना जीन्स-टीशर्ट वर्ज्य करून पुरुषांना शर्ट खोचायला सांगितलं. नीटनेटकेपणाला कोण नाही म्हणेल! फक्त खोचलेला शर्ट वर्गात सर्वांत आधी दिसतो आणि भागाकार शिकवण्याची हातोटी सर्वांत शेवटी, एवढं शिक्षकाचा गोपनीय अहवाल भरणाऱ्याने ध्यानात ठेवलेलं बरं. तीच कडक शिस्त गुरुजींच्या अंगी असली की दरारा ठरते, बाईंच्या अंगी असली की खडूसपणा.

यावर म्हणतात, की तीस वर्षं वर्ग पाहिलेल्या साहेबांची नजर फसत नाही. थॉर्नडाइकचे लष्करी अधिकारीही काही काल भरती झालेले नव्हते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: नजर नको तर निकाल पाहा, आकडा काही चेहरा बघत नाही. पण ज्या मुलाच्या घरी अभ्यास घेणारं कुणी आहे आणि ज्याच्या घरी पहाटेपासून सगळे बंदरावर आहेत, त्या दोघांचे आकडे शेजारी मांडले, तर शिक्षकापेक्षा घराचंच मोजमाप जास्त होतं. मग मुलांनाच विचारावं? नॉर्थ कॅरोलायनात एका ऑनलाइन अभ्यासक्रमात शिक्षकांची नावं अदलाबदल करून पाहिली. पेपर एकाच वेळी तपासून परत दिले होते. तरी वक्तशीरपणाला पुरुषाच्या नावाखाली ५ पैकी ४.३५ गुण पडले आणि बाईच्या नावाखाली ३.५५. घड्याळसुद्धा नाव विचारून चालतं तर.

नजर काढून ठेवता येत नाही. तिला कामाला लावता येतं. काय पाहायचं ते वर्गात शिरण्याआधी कागदावर उतरवावं. ‘अध्यापन प्रभावी’ असं न लिहिता बाईंनी कोणता प्रश्न विचारला, मागच्या बाकावरच्या किती मुलांनी उत्तर दिलं, चुकलेल्याला पुढे काय सांगितलं, ते तिथल्या तिथे टिपावं. गुण त्यानंतर, एकेका रकान्याला वेगळे, आणि शेरा सगळ्यात शेवटी. शिक्षकालाही ती टिपणं दाखवावीत. याने माणूस निर्मळ होणार नाही, पण खाडाखोड करताना हात तरी अडखळेल.

राहिला वेळेचा प्रश्न. वर्षातल्या एखाद्या भेटीत हे सगळं कसं व्हायचं? जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितलं होतं, की शाळा तपासणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून जेमतेम एकदा शाळेत येण्याने काही साधत नाही. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि मधूनमधून वर्दी न देता यावं. वेळ नाही म्हणणाऱ्यांनी वर्दी देऊन आखलेल्या भेटीचा हिशोब मांडून पाहावा. स्वागतगीत गाळलं तर एक जादा तास पाहून होतो. शाल-श्रीफळ आणि मनोगतही गाळलं, तर दुसरा.