बूक, मोतर आणि 29 फेब्रुवारी

2018 च्या सप्टेंबरात लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस-सॉफ्टवेअरवाल्यांची वार्षिक परिषद अल्बानियाच्या राजधानीत, तिरानात भरली होती. तिथे मी कसा, याचं उत्तर माझा भाचा. तो जर्मनीत असतो, फुकट सॉफ्टवेअरसाठी पदरमोड करतो. "मामा, तीस वर्षं डीटीपी केलंस. फाइल न उघडण्याचं दुःख तुझ्याइतकं कोणी भोगलंय?" असं म्हणून त्याने तिकीटच पाठवलं.

दुःख खरंच होतं. पुण्याच्या आमच्या दुकानात गिऱ्हाईक पत्रिकेची फाइल घेऊन यायचं. ती आमच्या मशीनवर उघडली की 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविराम यांची भेळ. प्रत्येकाचा फाँट निराळा, प्रत्येकाचं मराठी निराळं. मुलीचे वडील घामाघूम व्हायचे आणि मी 'कुठल्या फाँटात केलंय?' असा डॉक्टरी प्रश्न विचारायचो.

तर तिराना. पहिल्या सकाळी भाचा आंघोळीला गेलेला असताना मी कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरलो. काउंटरवरच्या बाईंनी आधी अल्बानियन, मग इटालियन लावून पाहिलं. इथल्या एका पिढीने इटलीचा टीव्ही बघून इटालियन शिकून घेतलंय, आणि परदेशी दिसला की ती त्याच्यावर खर्च करते. मी दोन्हींत नापास. शेवटी पोटावर हात ठेवून, घरच्या सवयीने, "भूक!" म्हणालो.

बाईंनी तत्काळ पाव पुढे केला.

अल्बानियनमध्ये पावाला 'बूक' म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र मला वाटलं, फॉरमॅट-बिरमॅट सब झूट आहे, पोटाची भाषा जगभर एकच. या आनंदात मी दुसऱ्या दिवशीही गेलो. बाईंच्या शेजारी आणखी एक बाई बसल्या होत्या. पहिलीने अभिमानाने ओळख करून दिली, "मोतर." मोतर म्हणजे मदर, यात शंका ती काय! आईसाहेब लेकीपेक्षा तरतरीत दिसत होत्या, पण म्हटलं डोंगरातली हवा, दही खातात. मी पुढे होऊन वाकून नमस्कार केला. मोतरबाई किंचाळून मागे सरकल्या.

'मोतर' म्हणजे बहीण. भाच्याने हे सांगितलं तेव्हा तो हसून खुर्चीतून घसरत होता. "अरे, शब्द मूळचा आईचाच आहे, मातृ-मदरच्याच घराण्यातला. यांच्याकडे अर्थ सरकून बहिणीवर आला. मामा, तुझ्या जुन्या फायलींसारखंच. एक्स्टेन्शन तेच, आत मजकूर बदललेला!"

त्याला सगळीकडे फायलीच दिसतात. स्कंदरबेग चौकातून चालताना त्याने मला सगळा इतिहास ऐकवला. ओडीएफ या खुल्या फाइल-फॉरमॅटला 2006 साली आयएसओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाचा, शिक्का मिळाला. मग तोच शिक्का हवा म्हणून मायक्रोसॉफ्टने आपलं ओओएक्सएमएल हे फॉरमॅट आणलं, सहा हजारांवर पानांचं बाड. 2008 च्या फेब्रुवारीत जिनेव्हात पाच दिवस बैठक बसली. हजाराहून जास्त दुरुस्त्या समोर, वेळ पुरेना, तेव्हा बहुतेकांवर चर्चेविनाच मतं घेतली. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत असंच होतं, फक्त तिथे वडे असतात. भारताने 2007 मध्ये आणि पुन्हा 2008 मध्ये विरोधात मत दिलं. तरी मंजूर झालं ते झालंच.

"आणि त्यात काय होतं माहितीये?" भाचा भर चौकात थांबला. "29 फेब्रुवारी 1900!"

1900 हे लीप वर्षच नव्हे. पण लोटस 1-2-3 या जुन्या स्प्रेडशीटने ते तसं धरलं. एक्सेलने लोटसच्या फायली चालाव्यात म्हणून ती चूक तशीच उचलली, आणि पुढे ती चूक मानकात छापून आली. न उगवलेल्या दिवसाला आयएसओचं घर मिळालं! हे सांगताना भाच्याचा आवाज असा चढला की दोन पोलिसांनी वळून पाहिलं.

मला मात्र त्या चुकीचं फारसं नवल वाटेना. कारण सकाळीच माझा जुन्या लेकशी, म्हणजे अल्बानियाच्या जुन्या चलनाशी, सामना झाला होता.

झालं असं, की परिषदेत मला पाच मिनिटं मराठी जोडाक्षरांवर बोलायचं होतं. त्यासाठी हातात वाटायला एक पानी मजकूर केलेला. चाळीस प्रती हव्या होत्या. भाच्याने ओडीएफच्याच घराण्यातली ओडीटी फाइल पेन ड्राइव्हवर दिली. आधी त्याने लॅपटॉपवर एक गंमत दाखवली होती. फाइलचं शेपूट बदलून 'झिप' केलं, उघडलं, आत 'कंटेंट डॉट एक्सएमएल', आणि त्यात माझा 'ज्ञ' नि 'क्ष' उघड्यावर, स्वच्छ वाचता येईल असा. मी खरोखर हेलावलो. तीस वर्षांत मला फाइलच्या पोटात मराठी कधी दिसलं नव्हतं.

प्रिंटच्या दुकानात पोरगा विशीतला, संगणक मात्र त्याच्या वडिलांच्या वयाचा. फाइल उघडली. पानभर रिकामे चौकोन. फॉरमॅट खुलं होतं, पण फाँट पुण्याला राहिला होता! फाँट फाइलीत कोंबायची सोय आहे म्हणे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. भाच्याला फोन लावला. बराच वेळ शांतता. मग त्याने निमूटपणे पीडीएफ मेल केली. इतका खाली गेलेला आवाज मी त्याचा आजवर ऐकला नव्हता.

आता छपाई. मी विचारलं, "होईल?" पोरगा "पो" म्हणाला आणि त्याने मान आडवी हलवली. 'पो' म्हणजे हो, 'यो' म्हणजे नाही, एवढं मी पाठ केलं होतं. पण इथले लोक 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना वर उचलतात. तोंड एक सांगतंय, मान दुसरंच. मी मानेवर विश्वास ठेवून निघालो. तो ओरडत मागे आला. मी थांबलो, त्याने पुन्हा आडवी हलवली, मी पुन्हा निघालो. तिसऱ्या खेपेला त्याने मला दंडाला धरून मशीनपुढे उभं केलं.

प्रती निघाल्या. पोरगा इंग्रजीत म्हणाला, "टू थाउजंड." दोन हजार लेक, म्हणजे साधारण तेराशे रुपये! चाळीस पानांना! पण परमुलखात भांडायला निदान क्रियापदं तरी हवीत. मी मुकाट्याने दोन हजारांची नोट ठेवली. त्याने अठराशे परत दिले.

1965 साली अल्बानियाने चलनातलं एक शून्य काढलं. दहा जुन्यांचा एक नवा लेक. पण लोकांच्या जिभेवरचं शून्य काही गेलं नाही. म्हणायचे दोन हजार, घ्यायचे दोनशे. विशीतल्या त्या पोराने जुना लेक डोळ्यांनी पाहिलेलाही नसणार. मी हसणार होतो, पण आमची आई आठवली. आणे 1957 मध्ये गेले, ती मात्र शेवटपर्यंत पाऊण रुपयाला 'बाराणे'च म्हणायची. आणि आम्हाला कळायचं!

मी कागद गोळा करत असताना पोरग्याने पडद्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. बहुधा फाइल पुसू का, असं असावं. 'पो' म्हणावं की 'यो', मान उभी की आडवी, क्षणभर काहीच सुचेना. अशा वेळी आपली मान जे करते तेच माझ्या मानेने केलं. ना उभी, ना आडवी, इकडून तिकडे एक गोलसर लाट.

पोराचा चेहरा उजळला. त्याने आणखी चाळीस प्रती काढल्या.