बुऱ्हाणपूरला जाताय? पाणी घेतलं का?

पहिल्या वेचणीचा कापूस घरात येऊन पडला, हरभऱ्याच्या पेरणीला थोडा अवकाश आहे आणि पोरांना दिवाळीची सुट्टी लागली, एवढं जुळलं की बोदवडात सहलीच्या बैठका सुरू होतात. बैठकीत जयपूर येतं, आग्रा येतं, उदयपूर येतं. भुसावळहून गाडी कोणती आणि वेटिंग किती, हे मोबाइलवर पाहिलं जातं. अशा वेळी कुणी बुऱ्हाणपूरचं नाव काढलंच, तर सगळी बैठक त्याच्याकडे दयेनं बघते.

"जवळच हाये ना भो ते. कधीबी जाता येईन."

या एका वाक्यावर बोदवडच्या कित्येक पिढ्या बुऱ्हाणपूर न बघता निघून गेल्या. जे गेले ते लग्नाला गेले आणि पंगतीतून उठून परत आले.

आता जरा हिशेब बघा. आग्र्याचा ताजमहाल जिच्यासाठी बांधला, ती मुमताज महल वारली बुऱ्हाणपुरात, जून १६३१ मध्ये, चौदाव्या बाळंतपणात. तिला आधी पुरलं तेही तापीपलीकडे झैनाबादला, आहुखान्याच्या बागेत. डिसेंबरात तिचं शव आग्र्याला गेलं. जयपूरवाल्यांचा मिर्झाराजा जयसिंग, पुरंदरच्या तहातला तोच, १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरातच गेला. त्याची छत्री तिथे उभी आहे. म्हणजे आग्रा आणि जयपूर या दोन्ही सहलींची मूळ पानं मुक्ताईनगर-इच्छापूरच्या रस्त्यावर दोन तासांत वाचता येतात. पण त्यात पॅकेज नाही, नाश्ता 'कॉम्प्लिमेंटरी' नाही आणि शेजाऱ्याला सांगण्यासारखं अंतर नाही.

तरीही एखादं धाडसी कुटुंब ठरवतंच. मग बॅगा निघतात.

मुक्काम एका रात्रीचा. सामान मात्र शहाजहानच्या दख्खन मोहिमेचं. दुधातल्या दशम्या, पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लाल मिरचीचा ठेचा, उरलेल्या चकल्या, शेव-मुरमुऱ्याची थैली. "तिकडं थंडी राहते" म्हणून आजीचं स्वेटर. ऑक्टोबर हीटमध्ये ते फक्त मांडीवर ठेवायच्या कामाचं. सतरंजी, दोन चादरी, उलटीच्या गोळ्या, फोटोसाठी एक ठेवणीतली साडी, तिच्यावरच्या बांगड्यांचा वेगळा डबा. आबा आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स घेतात, कारण राज्य बदलतंय. फारुकी सुलतानांनी वसवलेली, आपल्याच खानदेशाची जुनी राजधानी बघायला आपल्याला परप्रांतात जावं लागतं, हा विनोद आबांच्या लक्षात येत नाही. त्यांचं लक्ष झेरॉक्स पुसट आली याकडे असतं.

बॅग कशी भरू नये, याचा दाखला याच शहरात आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात, ऐन आपल्या सहलीच्या दिवसांत, सुरतेहून खानदेशमार्गे बुऱ्हाणपुरात पोचला. तिथे जहांगीरचा मुलगा परवेझ दरबार भरवून बसला होता. रोनं नजराण्यात बाटल्यांची पेटी दिली. शहजाद्याला ती इतकी मानवली की त्या रात्री ठरलेली भेट राहूनच गेली. पुढे रो स्वतः तापानं अंथरुणाला खिळला. तात्पर्य, तापाच्या गोळ्या घ्या, पेटी घेऊ नका.

आणि बॅग कशी भरावी, याचा धडा हंबीरराव मोहित्यांकडून घ्यावा. १६८१ च्या सुरुवातीला त्यांच्या हाताखाली संभाजी महाराजांच्या फौजेनं बुऱ्हाणपूरजवळचा बहादूरपुरा लुटला. जाताना हलके, येताना जड. आपण नेमके उलट करतो. जाताना डिकी लागत नाही आणि येताना डब्यात मावा जिलेबीचे चार तुकडे असतात.

पण या सगळ्या सामानात सर्वांत मोठी जागा कुणाची? पाण्याच्या कॅनची. बोदवडचा माणूस परगावी निघाला की आधी पाणी भरतो. ही सवय लागली ती नळाची वाट बघून. पाणी कधी येणार हे ज्याला आधी कळतं, तो आपल्याकडे जाणता माणूस. टाकी, ड्रम, कळशी, पातेली भरून झाली की उरलेलं कॅनमध्ये. त्यामुळे कॅन उचलून गाडीत ठेवली, की सहलीची तयारी पूर्ण.

ही कॅन घेऊन आपण जातो कुठे, तर कुंडी भंडाऱ्याला.

कुंडी भंडारा म्हणजे बुऱ्हाणपूरची जुनी पाणीयोजना. रो तिथे तापानं फणफणला होता, त्याच सुमाराची. करणारा अब्दुर्रहीम खानखाना. दोहे लिहिणारा रहीम तो हाच. पण दोहे लिहीत बसला म्हणून त्यानं शहराचं पाणी अडवून ठेवलं नाही. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून तापीकडे निघालेलं असतं. ते वाटेतच गाठायचं, भुयारातून एका कुंडीतून दुसरीत न्यायचं, शंभरावर कुंड्या एकमेकींना जोडायच्या आणि सगळं नुसत्या उतारावर गावात आणून सोडायचं. पंप नाही, मोटार नाही, त्यामुळे वीजबिल थकायची सोय नाही. आत आजही पाणी वाहतं. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचं नाव गेलं.

लिफ्टमधून सुमारे ऐंशी फूट खाली उतरायचं. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर, पायाशी गार पाणी. आपली मंडळी काय करतात? सेल्फी काढतात. मग वर येतात, सावलीत सतरंजी पसरतात, दशम्या सोडतात आणि बोदवडहून आणलेल्या कॅनमधलं कोमट पाणी पितात. मुघलांची योजना बघायला गेलो खरे, पण भरवसा अजून आपल्या कॅनवरच.

म्हणून या दिवाळीत बुऱ्हाणपूरला जाणाऱ्यांना थोडा व्यवहारी सल्ला. स्वेटर घरी ठेवा. साडी एकच न्या. ओल्या दगडावर न घसरणारी चप्पल घाला, कारण भुयारात फॅशनला पकड नसते. शाही किल्ल्यातला हमाम बघा, जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख विसरू नका. ही सक्ती नाही, पण मशिदीत संस्कृत वाचून आलेला माणूस चौकातल्या वादात बराच वेळ शांत राहतो, असा अनुभव आहे.

आणि गाडीत एक सीट मोकळी ठेवा. ती गावात पुढच्या निवडणुकीला उभं राहू इच्छिणाऱ्यासाठी. पक्ष कोणताही चालेल. पाण्याचं आश्वासन सगळ्यांचं सारखंच असतं. अर्ज भरण्याआधी त्याला लिफ्टमध्ये घाला आणि खाली सोडा. पाणी विजेशिवाय चारशे वर्षं कसं वाहतं, हे त्याला नीट सांगता आलं, तर वर घ्या.

नाही आलं, तर घाई नको. खाली पाणी भरपूर आहे, आणि वरचं बटण मतदाराच्या हातात.