ताबा बाकी

माजिवड्यात राहणाऱ्याला एक गोष्ट न शिकवता कळते: घर बघणं वेगळं आणि घर घेणं वेगळं. गोल्डन डाइज नाक्यावरून घोडबंदर रोडकडे वळलं की दर दोन मिनिटांनी एक टॉवर आणि दर टॉवरला एक सॅम्पल फ्लॅट. तिथं एसी असतो, कॉफी मिळते, कुणी तरी ‘सर’ म्हणतं. रविवार मजेत जातो. याच माजिवड्यातल्या एका जुन्या चारमजली सोसायटीत राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात अशाच उत्साहानं सॉफ्टवेअर बघायला लागले. त्यांना इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक करायचं होतं.

याची सुरुवात मे महिन्यातल्या एका हळदीत झाली. टॉवरांच्या पायथ्याशी जे मूळ माजिवडा गाव उरलं आहे, तिथं आगरी घरातली हळद म्हणजे निम्म्या गावाचा कार्यक्रम. स्पीकरवर एक जुनं गाणं नव्या ठोक्यावर लागलं आणि गृहस्थांच्या उजव्या पायानं त्यांना न विचारता ताल धरला. लॅपटॉपमागच्या मुलाला त्यांनी विचारलं, “हे कशावर बनवलंस रे?”

“एफएलवर, काका. आधीचं फ्रूटीलूप्स.”

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, “अहो, फ्रूटीनं तुम्हाला सर्दी होते.”

गृहस्थ बँकेतले. त्यांनी वही आखली. रकाने पाडले: नाव, गाव, किंमत, अटी, शेरा. डोंबिवलीचा भाचा मदतीला आला, कारण मामाकडे आलं की कुंजविहारचा वडा मिळतो.

पहिलं स्थळ बर्लिनचं. एबलटन लाइव्ह. पहिली आवृत्ती २००१ची, आणि ती करणाऱ्यांतले काही स्वतःच टेक्नो वाजवणारे, त्यामुळे खानदान चांगलं. यात पडद्यावर चौकोनी खाने असतात. एकेका खान्यात आवाजाचा एकेक तुकडा ठेवायचा आणि कार्यक्रम चालू असताना हवा तो खाना पेटवायचा. भाचा म्हणाला, “मामा, स्टेजवर वाजवायचं असेल तर हेच.” गृहस्थ शेवटचे स्टेजवर चढले होते ते निरोप समारंभाची शाल घ्यायला. पण त्यांनी शेऱ्यात लिहिलं, ‘स्टेजची सोय आहे.’

मग त्यांच्या लक्षात आलं की हा सगळा बाजार आपल्या ओळखीचाच आहे. एबलटनची ‘स्वीट’ म्हणजे फुल्ली फर्निश्ड: वाद्यं, इफेक्ट्स, सत्तर जीबीच्या वर आवाज, फक्त किंमत ऐकायच्या आधी बसून घ्यायचं. ‘इंट्रो’ म्हणजे त्याच टॉवरमधला वन आरके: पत्ता तोच, पण ट्रॅक सोळाच. लॉजिक प्रो ॲपलचं. २००२ साली ॲपलनं ते बनवणारी जर्मन कंपनीच विकत घेतली, तेव्हापासून ते फक्त ॲपलच्याच यंत्रांवर चालतं. फ्लॅट वाजवी, पण आधी त्या कॉम्प्लेक्सचं सभासदत्व घ्या. क्यूबेस हॅम्बर्गचं, १९८९ साली अटारी संगणकावर आलेलं. प्लगइनची जी ‘व्हीएसटी’ पद्धत आज जवळजवळ सगळे वापरतात, तीही याच कंपनीनं १९९६ साली काढली. म्हणजे जुना वाडा, पण अख्ख्या गल्लीचं पाणी त्याच्या विहिरीवरून.

रीपरपाशी मात्र ते हळवे झाले. ते लिहिणारे जस्टिन फ्रँकेल म्हणजे विनॅम्पचे कर्ते. बँकेत संगणक आले तेव्हा लंच टाइममध्ये गृहस्थ विनॅम्पवरच नाट्यगीतं ऐकत. रीपर साठ दिवस फुकट. त्यानंतरही ते बंद पडत नाही, उघडताना फक्त पैशांची आठवण करून देतं. एवढा सभ्य वसुली अधिकारी त्यांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. पण आत शिरले तर चार भिंती. इफेक्ट्स भरपूर, वाद्यांच्या नावानं जवळपास शून्य. ‘बेअर शेल,’ त्यांनी लिहिलं.

एफएल स्टुडिओ बेल्जियमचं, १९९७चं. फ्रूटीलूप्स हे नाव २००३ साली बदललं, पण लोकांच्या तोंडून ते गेलं नाही, जसा डाइजचा कारखाना गेला तरी नाक्यावरून त्याचं नाव गेलं नाही. मार्टिन गॅरिक्स या डच मुलानं सतराव्या वर्षी ‘ॲनिमल्स’ यावरच केलं आणि २०१३ साली ते जगभर वाजलं. गृहस्थांना भुरळ पडली ती वेगळ्याच कलमाची: एकदा विकत घ्या, पुढच्या सगळ्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट. ज्याच्या सोसायटीत मेंटेनन्स दर एप्रिलला वाढतो, त्यानं हे वाक्य दोनदा वाचलं. मग बारीक अक्षरं वाचली. सगळ्यात स्वस्त ‘फ्रूटी’ आवृत्तीत स्वतःचा आवाज रेकॉर्ड करता येत नाही. म्हणजे पार्किंग नाही.

भाच्याच्या मित्रानं ‘क्रॅक’ आणून द्यायची तयारी दाखवली. ज्यांनी साडेतीन रुपयांच्या फरकासाठी शाखा रात्री नऊपर्यंत थांबवली होती, त्यांना हे सुचवणं ही चूक होती.

खरं तर निवडीचा हा घोळ ज्याला पडलाच नाही असा एक माणूस मुंबईतच होऊन गेला. चरणजित सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवायचे. १९८२ साली त्यांनी रोलँडची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. त्यावर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून त्यांनी तबकडी काढली. ती तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या मुलांनी त्याच ३०३मधून किरकिरा, पिळवटलेला बास काढला. त्याला ॲसिड हाउस म्हणतात. २०१०मध्ये सिंगांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जग चक्रावलं. तुलनेचा तक्ता कुणाकडेच नव्हता. होती ती यंत्रं तीन.

तक्ता असलेल्या गृहस्थांनी शेवटी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी एफएलची चाचणी आवृत्ती उतरवून घेतली. पडद्यावर सोळा खण आले आणि ते उडालेच. सोळा! लहानपणी नौपाड्यात दोन वर्षं तबला शिकलेल्या माणसाला सोळा म्हणजे त्रिताल. हाउसचा ठोका पडतो पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या खणात. नेमक्या त्याच त्रितालातल्या सम, टाळी, खाली, टाळीच्या जागा. फरक एवढाच की इथं खालीवरही तोच दणका. गुरुजी असते तर डग्गा उचलून बाहेर गेले असते. गृहस्थांनी नवव्या खणातला ठोका काढून पाहिला. भाचा म्हणाला, “मामा, पब्लिक त्या जागी पडेल.”

तीन दिवस काम चाललं, तेही हेडफोनवर. एक तर सोसायटी जुनी आणि भिंती पातळ. दुसरं असं की डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर २०१६ साली उच्च न्यायालयानं ध्वनिप्रदूषणाबद्दल सविस्तर निकाल दिला, ते याचिकाकर्ते ठाण्याचेच. रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा गृहस्थांना पाठ होती. मेट्रोच्या कामावरचा ठोका त्यांनी मोबाइलवर धरला, उलट येणाऱ्या ट्रकचा पिपाणीसारखा आवाज धरला, दोन्ही त्या सोळा खणांत बसवले. मग भाच्यानं सहज विचारलं, “सेव्ह केलंत ना? पण चाचणी आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल पुन्हा उघडत नाही हं. विकत घेतल्यावरच उघडते.”

म्हणजे बांधकाम पूर्ण, चावी नाही.

उपाय एकच होता: बंदच करायचं नाही. लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलेली, म्हणून वायर हलवायची नाही. देवघरात अखंड दिवा आणि हॉलमध्ये अखंड लॅपटॉप. दोन्हींच्या जवळून जाताना घरचे पदर, ओढण्या सावरू लागले. रात्री उठून गृहस्थ आधी पडद्याकडे बघत आणि मग अपराधी वाटून दिव्यात तेल घालत. शेजारीण हळदीकुंकवाला आली, तिनं चुकून लॅपटॉपलाही नमस्कार केला.

सातव्या माळेला शुक्रवार होता. दुरुस्तीसाठी सकाळी दहाला वीज गेली. सोसायटीचा जनरेटर फक्त जिन्यातल्या दिव्यांपुरता. हॉलमध्ये पडदा काळा झाला.

“अहो,” आतून आवाज आला, “दिवा चालू आहे हं.”

फाइल आजही लॅपटॉपमध्ये आहे, नावासकट, तारखेसकट. ताबा बाकी. मधल्या काळात वहीला दोन नवे रकाने जोडले गेले आहेत आणि बिटविग नावाचं आणखी एक बर्लिनचं स्थळ सांगून आलं आहे. चाचणी आवृत्तीत एमपी३ मात्र काढता येते आणि भाच्यानं चौथ्या माळेलाच एक काढून मामीला पाठवली होती. मिनिटाला १२८ ठोके, सोळा खणांची आठ आवर्तनं, बरोबर १५ सेकंद. मामीनं ती नवऱ्याच्या नंबरला रिंगटोन म्हणून लावली आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास स्वयंपाकघरात मेट्रोचा ठोका पडायला लागतो, ट्रक उलट यायला लागतो, नवव्या खणात जरा गचका बसतो आणि ती ओले हात पुसून फोन उचलते.

“हॅलो. कोथिंबीर आहे. लिंबं आणा.”