महाराज पितात म्हणून

गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक फिरकेना. १९०२ सालीच मागासवर्गीयांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवणारे शाहू महाराज मग स्वतःच तिथे चहा पिऊ लागले, सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. मला कुतूहल आहे ते या सोबतच्यांचं. कप हातात, धर्म पणाला आणि समोर साक्षात सरकार! प्यायले बिचारे. त्याला समाजसुधारणा म्हणावं की नोकरी, ते तुम्हीच ठरवा. दर २६ जूनला, महाराजांच्या जयंतीला, दसरा चौकातल्या त्यांच्या पुतळ्याला हार घालताना आपल्यालाही समतेचं भरतं येतं. घर भाड्याने देताना मात्र आडनाव नीट ऐकू येत नाही. दोनदा विचारावं लागतं.