पुराची किमान पात्रता
आपत्तीत मदत पोचवण्याआधी पूर पात्र आहे की नाही हे ठरवावे लागते. २०१९ च्या महापुरात शासनाने ते चोख ठरवले: दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात राहिलेल्या कुटुंबास १० किलो गहू, १० किलो तांदूळ मोफत. पहिल्या दिवशी बुडणारा केवळ उमेदवार. इचलकरंजीत तर धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो होते. धान्य कोणाच्या शेतातले, हा संशयच मिटला.

वर्धा जिल्ह्यातील तळेगाव (श्यामजी पंत) मात्र नापासच होणार. सत्याग्रही घाटाकडच्या उताराचे पाणी उतावळे. रात्री शिरले तर कणगीतली तूर भिजवून तलाठी पंचनाम्याला येण्याआधी ओसरते. तिथे उंबरठ्यावर हजेरीपट ठेवावा. पाण्याने सलग ४८ तास सही केली की भात शिजवायला हरकत नाही, चूल सापडल्यास.