काठीनं हात धरला हो!

अहो, ऐकलंत का? तिकडे अमेरिकेत, जर्मनीत, चांगली पेन्शनीला टेकलेली माणसं रात्ररात्र गॅरेजचं दार लावून बसतात. आत पत्ते नाहीत, बाटली नाही. कॉम्प्युटरवर विमान उडवतात म्हणे. तेवढ्यावर भागलं असतं तर कोण कशाला बोललं असतं? पण यांची तक्रार अशी की जॉयस्टिक हातात धरली, तर ती उलट हात दाबत नाही! या वयात!

त्यात तक्रार खरी निघाली, ही आणखी पंचाईत. साध्या जॉयस्टिकच्या पोटात एक स्प्रिंग असते. विमान धावपट्टीवर उभं असो की आभाळात, ती आपली तेवढीच ताठ. खऱ्या सेस्ना १७२ मध्ये पायलटच्या हातापासून शेपटीपर्यंत तारा गेलेल्या असतात आणि शेपटीवरच्या हलत्या फळीला वारा रेटत असतो. त्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ५५ नॉटचे ११० झाले की हातातलं ओझं दुप्पट होऊन थांबत नाही, चौपट होतं. वेग पडून स्टॉल, म्हणजे पंखांचा आधार सुटायची वेळ, जवळ आली की तेच हँडल शिळ्या काकडीसारखं लिबलिबीत. पायलटचा हात भरून आला की तो ट्रिमचं चाक फिरवतो आणि ओझं अलगद उतरतं. स्प्रिंगवाल्या काठीला हे कुठून जमणार? तिचं मधलं ठिकाण जन्माचं ठरलेलं. मोटर लावलेली काठी मात्र ट्रिम फिरेल तसं आपलं ठाणंच हलवते.

म्हणजे बोटाच्या इशाऱ्यावर उतरणारं विमान आता घाम गाळून उतरवायचं. पदरचे पैसे घालून!

या नादाला लावलं कोणी, तर मायक्रोसॉफ्टनं. १९९७ साली त्यांनी ‘साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो’ नावाची काठी काढली. तिच्या मुठीत प्रकाशावर चालणारा एक सेन्सर होता. मुठीवर हात असेल तरच मोटरीत जीव, हात काढला की काठी मान टाकणार. केवढी ती मर्यादा! आणि या मंडळींनी काय केलं? त्या डोळ्यावर चिकटपट्टी लावली. कंपनीनं पुढं काठ्यांचा धंदाच गुंडाळला, तरी त्या जुन्या काठ्यांसाठी लोक अजून झुरतात.

आता स्वित्झर्लंडच्या ब्रुनरच्या, चीनच्या मोझाच्या तयार काठ्या मिळतात. पण विकतच्या पुरणपोळ्यांकडे आमची आत्या जशी बघायची, तसे हे त्यांच्याकडे बघतात. स्वतः करायची! मोडक्या हॉव्हरबोर्डच्या मोटरी सोडवून आणायच्या. कुणी हौसेनं गाडीच्या वायपरची मोटर आणतो आणि पस्तावतो. तिच्यात वर्म गिअर असतो. मोटर दांडा फिरवते, पण दांडा फिरवून मोटर काही हलत नाही. भिंतीशी हस्तांदोलन केल्यासारखं. दाते असलेला गिअर लावला तर त्यांच्यातली फट हाताला खटखट लागते, म्हणून मग पट्टा लावायचा. शिवाय वेग, ट्रिम, फळीची दिशा यांवरून दाबाचा हिशेब सेकंदाला शेकडो वेळा व्हायला हवा. हिशेब उशिरा झाला की काठीला हीव भरतं. मोटर दांडगी असली तर मनगटाचंही काही खरं नाही, म्हणून टेबलावर कारखान्यातल्यासारखं लाल बटण. खेळायला बसताना लाल बटण!

पण खरी भानगड पुढंच आहे. बोइंग ७३७ ची शेपटीवरची फळी हायड्रॉलिक जोरानं हलते. वाऱ्याचा रेटा पायलटच्या हातापर्यंत पोचतच नाही, म्हणून तो विमानातच स्प्रिंगा आणि ‘फील कॉम्प्युटर’ बसवून कृत्रिम तयार करतात. म्हणजे आमचे गॅरेजवाले महिनोन् महिने खपून जी नक्कल करतात, ती नकलेची नक्कल! आणि १९८८ पासून प्रवासी नेणाऱ्या एअरबस ए-३२० मध्ये? पायलटच्या हाताशी छोटी काठी आणि पोटात साधी स्प्रिंग. बिचाऱ्या एअरबसप्रेमींकडे खरी वस्तू पहिल्या दिवसापासून होती.

दोष तरी कुणाला द्यायचा, खानदानच तसलं. अमेरिकेच्या एडविन लिंकनं १९२९ च्या सुमारास पहिलं नाव घेण्याजोगं सिम्युलेटर केलं. वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोंचा कारखाना. पोरानं तिथले भाते उचलले आणि त्यांच्यावर खोटं विमान डोलवलं. सैन्यानं १९३४ मध्ये ते विकत घेण्याआधी ते करमणुकीच्या बागांमध्ये जत्रेतल्या पाळण्यासारखं फिरत होतं.

आणि हात दाबून घेऊन भागलं का? छे! आता खुर्चीच्या बुडाशी एक दणके देणारं यंत्र बोल्टनं आवळतात. धावपट्टीचा प्रत्येक सांधा बसल्या जागी कळतो म्हणे. नाव काय त्याचं, तर ‘बटकिकर’. मराठीत सांगा म्हणू नका, घरात मोठी माणसं आहेत.