लेकरू अष्टपैलू कसं करावं

तुमचं लेकरू आठवीत गेलं आणि शेजाऱ्याच्या हॉलमध्ये ट्रॉफ्यांसाठी दुसरं शोकेस बसलं, की समजा तुमची वेळ आली. घाबरू नका. मी या वाटेनं दोनदा गेलोय. मूळचा लातूरचा, नोकरीपायी नांदेडला स्थायिक. थोरली लातूरला आजीकडं ठेवून अष्टपैलू केली, धाकट्याचं काम नांदेडला चालू आहे. थोरली आता बंगळुरूला असते आणि माझा फोन उचलत नाही. पद्धत लागू पडते, एवढं त्यावरून कळावं.

नवख्या पालकांना वाटतं, छंदानं मन रमतं, स्पर्धेनं हिंमत येते, सेवेनं माणूस घडतो. वाटू द्या. बक्षीस समारंभात दोन शब्द बोलायला सांगितलं तर हेच उपयोगी पडतं. कामाला लागताना मात्र आधी फाइल घ्यायची आणि मग लेकराकडं बघायचं.

१. फाइल घ्या.

चाळीस कप्प्यांची घ्या. वीस कप्प्यांची घेणारा बाप मनातून खचलेला असतो. प्रमाणपत्रांना लॅमिनेशन करू नका. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी हौसेनं सगळी करून आणली. पडताळणीच्या खिडकीवर बाबूनं शिक्का मारला तर शाई प्लॅस्टिकवरून घरंगळून खाली ठेवलेल्या आधारकार्डावर गेली. बाबूनं अंगठ्यानं पुसली, अंगठा काकांच्या बाहीला पुसला आणि पुढचा नंबर पुकारला.

नाव नीट लिहून घ्या. मोकळ्या जागेत नाव घालायचं काम ज्या सरांकडं असतं, ते दीडशे प्रमाणपत्रं एका दमात लिहितात. आमची थोरली तीन वर्षं रांगोळीत ‘कुमार’ म्हणून पहिली आली.

२. छंद लावा.

लेकराला आधीपासून काही आवडत असेल तर थोडी पंचाईत आहे. हलगी वाजवणं, सायकल उघडून परत जोडणं, गच्चीवर पडून ढग बघणं, चिंचेच्या झाडावर चढणं, हे प्रकार ताबडतोब बंद करा. यांच्या परीक्षा होत नाहीत.

सगळ्यात भरवशाचा छंद चित्रकला. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत ए ग्रेड आली तर दहावीला ७ गुण वाढीव, बी ला ५, सी ला ३. म्हणून आमच्याकडं कुणी ‘पोराला चित्रकलेची आवड आहे’ म्हणत नाही, ‘पोराचे सात पक्के आहेत’ म्हणतात. लोकनृत्य-लोकगीताचेही गुण असतात, पण त्याला नाचावं लागतं.

क्लास लावताना सरांना एकच प्रश्न विचारा : स्मरणचित्र पाठ करून घेता का? चांगले सर घेतात. माझ्या धाकट्याच्या क्लासात एक बाजाराचं चित्र होतं. डावीकडं तंबू, उजवीकडं झाड, मधोमध डोक्यावर पाटी घेतलेली, हिरव्या लुगड्यातली पाठमोरी बाई. पाठमोरी अशासाठी की चेहरा काढायची कटकट नको. पाठमोऱ्या बाईला हातही लागत नाहीत, ते पुढं असतात. वर्षभर दर रविवारी बत्तीस लेकरांनी ती बाई काढली. परीक्षेला विषय आला ‘पावसाळ्यातील शेत’. बत्तीसही जणांनी तंबू खोडला, आभाळातून तिरप्या रेघा मारल्या आणि बाई तशीच उभी केली, भर पावसात पाटी घेऊन. धाकटा घरी येऊन म्हणाला, “पप्पा, तिला एक छत्री द्यायची होती, पण सर म्हणले नवीन काही काढू नका.” बी ग्रेड आली. छत्री दिली असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

गुण दहावीच्या गुणपत्रिकेत चढले, की रंगपेटी माळ्यावर टाका. उशीर केला तर लेकरू खरंच चित्रं काढायला लागतं.

पुढं कुठल्याही अर्जात छंदाच्या रकान्यात ‘वाचन’ लिहा. त्याला पुस्तक लागत नाही.

३. स्पर्धेत उतरवा.

सुरुवात वक्तृत्वापासून करा. भाषण मामानं लिहायचं, आईनं पाठ करून घ्यायचं, लेकरानं म्हणायचं. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग’ म्हणताना उजवा हात छातीवर, ‘बालमित्रांनो’ला तोच हात हवेत. विषय तीनच असतात : मोबाईल शाप की वरदान, पाणी हेच जीवन, आणि त्या वर्षी जो महापुरुष शतकाला आला असेल तो. पाण्याचं भाषण लातूरकरांनी जपून ठेवावं, कधीही लागतं. २०१६ साली उन्हाळ्यात लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावावं लागलं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या दिवसांत थोरलीनं हे भाषण तीन ठिकाणी केलं. ‘थेंबाथेंबाचं मोल’ या वाक्याला टाळ्या पडल्या. तिसऱ्या ठिकाणाहून घरी आली तेव्हा टँकर येऊन गेला होता. आजी रिकाम्या घागरीवर बसून होती. “काय करलालीस गं दिवसभर?” एवढंच म्हणाली. थोरलीनं ट्रॉफी दाखवली. आजीनं ती उलटी करून बघितली, पाणी मावतंय का म्हणून.

बक्षिसाची काळजी करू नका, ‘उत्तेजनार्थ’ नावाची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. सहभागाचंही प्रमाणपत्र मिळतं, कागद तोच आणि बॉर्डर तीच. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा येतील, तोवर लेकरांना पटांगणात उन्हात बसवतील. तक्रार करू नका. नंतर ‘आज तू काय शिकलास’ विचारलं तर लेकराला सांगण्यासारखं तेवढंच असतं.

खेळ निवडताना आवड बघू नका, गर्दी बघा. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ही गोष्ट लेकराला बॅट धरता येण्याआधी कळलेली बरी. ज्या खेळात पदकं जास्त आणि खेळणारे कमी, तो उत्तम. कधीकधी एका गटात एकच स्पर्धक असतो. तो सुवर्णपदक जिंकतो आणि स्वतःशीच हात मिळवून घरी येतो. कुस्तीच्या वाटेला मात्र जाऊ नका. हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, ते आपल्या लातूर जिल्ह्याच्याच मातीतले. पण त्यासाठी माती अंगाला लावावी लागते, कान मोडतात, वर्षानुवर्षं पहाटे उठावं लागतं, आणि एवढं करून ‘सहभाग’ म्हणून कुणी काही देत नाही.

प्रेरणास्थानाची गरज पडली तर मुखेड तालुक्यातल्या भाग्यश्री जाधव घ्या. व्हीलचेअरवर आल्यावर गोळाफेकीला लागल्या, टोकियो आणि पॅरिस दोन्ही पॅरालिम्पिक खेळल्या, २०२४ ला पॅरिसमध्ये उद्घाटनाला तिरंगा त्यांच्या हातात होता. त्यांचं नाव भाषणात घाला, फोटो फ्लेक्सवर घाला. तुमचं लेकरू विचारील, “गोळा किती किलोचा असतो?” असले प्रश्न वाढू देऊ नका. गोळा टाकायला मैदान लागतं, आणि आमच्या जवळचं मैदान सध्या श्यामनगरच्या क्लासेसना येणाऱ्या पोरांच्या सायकली लावायच्या कामी येतं.

४. सेवा करवून घ्या.

हा भाग अवघड म्हणून जरा सावकाश सांगतो. सेवा म्हणजे दुसऱ्यासाठी काहीतरी करणं, आणि करताना बॅनर सरळ धरणं.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. ते गांधीजींचं जन्मशताब्दी वर्ष होतं. ३७ विद्यापीठं होती आणि चाळीस हजार विद्यार्थी. दोन वर्षांत २४० तास आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर, असा हिशोब आहे. काही शिबिरांत खरंच बंधारे झाले, पोरं रात्री गावकऱ्यांच्या ओट्यावर बसून भांडली, आयुष्यभराची मैत्री झाली. असल्या शिबिरातून लेकरू परत येतं ते हाताला घट्टे आणि तोंडाला गावातली भाषा घेऊन. आपल्याला तो धोका नको.

आपल्याला हवं असलेलं शिबिर असं ओळखावं : पहिल्या दिवशी उद्घाटन, दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाच्या बातमीचं कात्रण, तिसऱ्या दिवशी झाडं. खड्डा शोधायला जाऊ नका, तयार असतो. राज्यानं २०१६ ला २ कोटी झाडांचं लक्ष्य धरलं, मग ४ कोटी, मग १३, आणि २०१९ ला ३३ कोटी. त्या मानानं खड्डे वाढले नाहीत. मी पालक म्हणून एका शिबिरात गेलो होतो. पाराखाली एक आजोबा बसले होते. पोरांनी रोप लावलं, माती लोटली, एक रोप आणि अकरा हात असा फोटो निघाला. आजोबा म्हणाले, “लावा बाबांनो. गेल्या साली लिंब लावला होता, त्याच्या आधी करंज. यंदा काय आणलाव?” सर म्हणाले, गुलमोहर. आजोबांनी मान डोलवली. “बरं हाय. बदल पाहिजेच.” राज्यात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत लातूरचा नंबर लागतो. खड्ड्यांच्या मोजणीत वर जायला हरकत नसावी.

फळवाटपात केळी घ्या. सफरचंदाचा खर्च फोटोत उठून दिसत नाही. केळं पेशंटच्या हातात पडल्यावर लगेच सोडू नका, फोटोवाला ‘झालं’ म्हणेपर्यंत दोन्हीकडून धरून ठेवा.

जुन्या लोकांच्या चुका टाळा. १९३८ साली निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठातल्या पोरांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटलं. औरंगाबादच्या कॉलेजातली पोरंही त्यात होती. समूहगीत स्पर्धा नव्हती, परीक्षक नव्हते. पोरांना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठानं घेतलं म्हणून शिक्षण तरी पुरं झालं. त्यातला एक, पी. व्ही. नरसिंह राव, पुढं पंतप्रधान झाला, पण तो अपवाद समजा. किल्लारीलाही तेच. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे जमीन हादरली, आणि गणपतीच्या मंडळातली पोरं विसर्जनाचा गुलाल अंगावर असतानाच दगडमातीचे ढीग उपसायला धावली. माझा मोठा चुलतभाऊ होता त्यांत. नऊ दिवसांनी आला, महिनाभर बोलला नाही, पुढं शिक्षक झाला. त्याला विचारलं, काही कागद मिळाला का? त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी विषय बदलला. नऊ दिवस गुणिले चोवीस, २१६ तास. वाया.

५. दहावीनंतर सगळं बंद करा.

लातूर पॅटर्नचं नाव राजर्षी शाहू महाविद्यालयापासून निघालं. तिथले पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे १९९४ ला नांदेडच्या नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, म्हणजे आपली दोन्ही गावं शिक्षणातनं एकमेकांची पाहुणी आहेत. पण त्या वेळचे सर जादा तास घ्यायचे, आताचे जादा लेकरं घेतात. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलं की एक वजा. त्यात हलगी, कुस्ती, आजोबा कशालाच कप्पा नाही. अकरावीला लेकराचे सात पैलू पोत्यात घालून वर टाका, आठवा लातूरला उद्योग भवनच्या क्लासेसजवळच्या खोलीवर पाठवा. दोन वर्षांनी काढून बघा. बहुतेक वेळा पोतं सापडतं.

६. बिघाड झाला तर.

हे प्रकरण कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणून अनुभवाचं सांगतो.

गेल्या तीन-चार रविवारी धाकटा क्लासच्या नावाखाली सकाळी जायचा आणि अंगाला डाळीचा वास घेऊन यायचा. मी मागावर गेलो. फाइल बगलेत होती, ती मी कुठंही सोडत नाही. सापडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरात. डोक्याला रुमाल बांधून, बाह्या वर करून, स्टीलच्या ताटांच्या डोंगरामागं उभा. शेजारी एक ट्रकवाला, एक पंजाबहून आलेल्या बाई आणि एक त्याच्याच वयाचा पोरगा. कुणी कुणाचं नाव विचारलेलं दिसेना. बॅनर नव्हता. मी हजेरीपुस्तक शोधलं, तेही नव्हतं. मी मोबाईल काढला तर बाई बाजूला सरकल्या, फोटोत येऊ नये म्हणून.

तिथल्या एका सेवादार काकांना गाठलं. म्हटलं, “काका, इथं सेवा केल्याचं लेटरहेडवर काही मिळतं का? तारीख टाकून?”

त्यांनी फाइलकडं बघितलं. चांगल्या मराठीत म्हणाले, “भाऊ, ते ठेवा बाजूला, ओलं होईल. बसा. लसूण सोला.”

समोर पोतंभर लसूण. नाही कसं म्हणणार? बसलो. पहिली अर्धी पाकळी नखात गेली. धाकटा ताटं घेऊन पुढून गेला, थांबला, म्हणाला, “पप्पा, असं नाही. आधी बुडखा मोडायचा.” करून दाखवलं. हे त्याला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. कुठल्याच क्लासला मी याची फी भरलेली नाही.

तुमच्या लेकरात अशी लक्षणं दिसली तर ताबडतोब कळवा, मी उपाय शोधतो आहे. सध्या एवढंच जमलंय : निघताना घड्याळ बघून ठेवलं. त्याचे तीन तास, माझे दोन तास दहा मिनिटं. पालकांचे तास लेकराच्या २४० मध्ये धरतात का, सोमवारी विचारून येतो.